नळीतला बाक

रायफलीची नळी सरळ असते हे विधान व्यवहारापुरते खरे आहे; सूक्ष्म मोजमापापुढे ते टिकत नाही. पोलादाच्या भरीव कांबीतून साठ-सत्तर सेंटिमीटर लांबीचे आणि जेमतेम सात-आठ मिलिमीटर व्यासाचे भोक आरपार पाडायचे म्हटले की ड्रिलचे टोक वाटेत कुठेतरी केसभर कलते, आणि एकदा कलले की पुढचा प्रवास त्याच कलाने होतो. बाहेरून लेथवर कातून नळी कितीही देखणी गोल केली, तरी आतल्या पोकळीचा अक्ष, म्हणजे पोकळीच्या मध्यातून जाणारी कल्पित रेषा, किंचित धनुष्याकृती राहतो. या वक्रतेला येथे बाक म्हटले आहे. नळीचे मागचे टोक रायफलीच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट आणि चापाची यंत्रणा ज्यात बसते त्या पोलादी सांगाड्यात, आटे फिरवून आवळलेले असते. हे आटे जिथे घट्ट होऊन थांबतील त्यावर बाक वर राहील, खाली राहील की डावी-उजवीकडे, हे ठरते. कारखान्यात ही गोष्ट बहुधा योगायोगावर सोडलेली असते. ती तशी न सोडता बाकाची दिशा आधी हुडकून नळी मुद्दाम वळवून बसवली तर नेम सुधारतो काय, हा प्रश्न रायफली घडवणाऱ्या कारागिरांमध्ये आज वादाचा आहे. त्याची मुळे मात्र आजच्या वादापेक्षा फार खोल गेलेली आहेत, आणि ती पाहिल्याशिवाय या वादातली निम्मी विधाने नेमकी कशाबद्दल आहेत हेच उमगत नाही.

निशाणावर उमटलेल्या गोळ्यांकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एकाच जागी धरून झाडलेल्या दहा गोळ्यांचा पुंजका निशाणाच्या मध्यावर पडला की बाजूला सरकला, ही झाली रोखाची बाब. आणि तो पुंजका रुपयाएवढा आटोपशीर आहे की ताटाएवढा पसरट, ही झाली पसाऱ्याची बाब. रोख चुकला तर माशी किंवा दुर्बीण थोडी सरकवून तो सुधारता येतो. पसारा मात्र कोणत्याही स्क्रूने कमी होत नाही. बाकाविषयीच्या चर्चेतला बराचसा गोंधळ या दोहोंची गल्लत केल्यामुळे झालेला आहे, आणि ही गल्लत जुनी आहे.

बाकाचा बंदोबस्त करण्याची खटपट आतून आटे पाडलेल्या नळ्या सर्रास होण्याच्याही आधीपासून चाललेली दिसते. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही कारखान्यातल्या तोड्याच्या बंदुकांचे वर्णन केले आहे. लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा जुळवण्याची जुनी रीत मागे टाकून, तोच पत्रा तिरका पिळत वेढ्यावर वेढा चढेल असा गुंडाळायचा आणि थोडाथोडा तापवत सांधायचा, ही नवी रीत तेथे नोंदलेली आहे. एका बैलाच्या बळावर एका वेळी सोळा नळ्या आतून घासणाऱ्या चाकाचाही उल्लेख आहे. ज्या नळीची गोळी सरळ जाणार नाही ती तापवून लाकडी दांड्याच्या साह्याने सरळ करीत, असेही त्या वर्णनात येते. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे परीक्षेचा क्रम. दोष आधी निशाणावर दिसे आणि मग तो नळीत शोधला जाई. नळीत डोळा लावून झाडण्यापूर्वीच दोष ओळखण्याची विद्या पुढच्या काळात आणि दुसऱ्या मुलखात वाढीस लागली.

बाकाच्या दिशेवर बुद्ध्या केलेला प्रयोग म्हणून ज्याचा निर्देश करावा लागतो तो इंग्लंडमधल्या बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाचा. १७४२ साली त्याचा तोफशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याने गोळीचा वेग मोजण्यासाठी वापरलेला लंबक युरोपभर गाजला. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे का वळते, या कोड्याचे उत्तर गोळीच्या फिरकीत आहे असे त्याचे मत होते. गोळी नळीच्या ज्या बाजूला घासत बाहेर पडते त्या बाजूने तिला गिरकी मिळते आणि ती गिरकी हवेत तिचा मार्ग वाकवते, असे तो मानी. हे सिद्ध करण्यासाठी त्याने एका बंदुकीच्या नळीचे पुढचे टोक तीन-चार अंशांनी डावीकडे वाकवले. अशा नळीतून गोळी सुरुवातीला डावीकडे जाणार हे कोणीही सांगेल. पण वाकलेल्या भागात ती उजव्या भिंतीला घासत असल्यामुळे तिला मिळणारी गिरकी तिला पुढे उजवीकडे ओढील, असे भाकीत रॉबिन्सने केले. वाटेत ओळीने लावलेल्या पातळ कागदी पडद्यांवरची भोके डावीकडे पडली आणि शेवटच्या भिंतीवरची खूण उजवीकडे उमटली.

म्हणजे गुळगुळीत नळीपुरते बाकाच्या दिशेला खरोखरच मोठे महत्त्व होते, कारण तिथे बाक केवळ गोळीचा रोख वळवीत नसे, तर तिच्या पुढच्या मार्गाची वक्रताही ठरवीत असे. आटेदार नळीने हा संबंध तोडला. नळीच्या आत पिळाच्या खाचा कोरल्या की गोळीला गिरकी मिळते ती तिच्या प्रवासाच्या अक्षाभोवती, आणि ती खाचांच्या पिळाने ठरते, भिंतीच्या घसटीने नव्हे. रॉबिन्सने आटेदार नळ्यांचा जोरदार पुरस्कार केला तो याच कारणाने. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपल्या किल्ल्यांच्या बांधणीसाठी नेमले, आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्याचा अंत झाला. ज्या रायफलीचे गुण त्याने सांगितले ती भारतात सरसकट लष्कराच्या हाती यायला आणखी शतक जावे लागले.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम हे बंदूक-व्यवसायाचे मोठे केंद्र होते आणि तिथली कामाची वाटणी कमालीची बारीक होती. नळी सांधणारा, भोक रुंदावणारा, बाहेरून घासणारा, दस्ता कोरणारा, चापाची यंत्रणा जुळवणारा असे निरनिराळे कारागीर निरनिराळ्या कार्यशाळांत बसत आणि अर्धवट तयार झालेली बंदूक हातोहात फिरत राही. यातच नळीचा बाक काढणारा हा एक स्वतंत्र कारागीर होता. त्याची जुनी पद्धत तारेची होती: वेताच्या किंवा लाकडाच्या धनुकलीला बारीक तार ताणून ती नळीतून आरपार घालायची, पोकळीच्या भिंतीला टेकवायची आणि तार व भिंत यांच्यामध्ये कुठे उजेडाची फट दिसते ते पाहायचे. नळी थोडी फिरवून पुन्हा पाहिले की भिंत कुठे खोलगट आणि कुठे फुगीर आहे, हे कळे. पद्धत सोपी खरी, पण तारेच्या स्वतःच्या झोळाइतकी चूक तिच्यात राहून जाई.

तिच्या जागी आलेली पद्धत छायेची. कारागीर खिडकीकडे तोंड करून बसे. खिडकीच्या वरच्या भागात एक आडवी फळी लावलेली असे, आणि तिची खालची कड आणि तिच्याखालचा उजेड यांच्यामध्ये एक स्वच्छ, धारदार सीमारेषा तयार होई. आतून आरशासारखी घासलेली नळी त्या कडेवर रोखून मागच्या टोकाला डोळा लावला की फळीची काळी छाया पोकळीच्या भिंतीवर लांबट पडलेली दिसे. नळी सरळ असेल तर त्या छायेच्या दोन्ही कडा एकसारख्या निमुळत्या होत दूरच्या टोकाकडे जात. जिथे बाक असेल तिथे कड फुगे, दबे किंवा तुटल्यासारखी दिसे. मग नळी बोटांत हळूहळू फिरवायची, छाया सर्वाधिक बिघडते ती बाजू पकडायची, टोकापासूनचे अंतर नजरेनेच ठरवायचे, आणि नळी ऐरणीवर टेकवून नेमक्या त्या जागी हातोड्याचा एक बेताचा ठोका द्यायचा. पुन्हा डोळा, पुन्हा ठोका. पुढे हातोड्याच्या जागी स्क्रूचा दाब आला: डोक्याच्या वर मोठे हातचाक, खाली दोन आधारांवर टेकलेली नळी, आणि डोळा नळीतून न काढता चाकाला द्यायचा पाव फेरा.

या कामाचे वैशिष्ट्य असे की ज्या कारखान्यांनी बंदूक बनवण्यातली हातकारागिरी जवळजवळ संपवली, त्यांनीही हे काम डोळ्याकडेच ठेवले. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत दस्ते ब्लँचर्डच्या लेथवर आपोआप कोरले जात होते आणि सुटे भाग एकमेकांत अदलाबदल होतील इतके सारखे निघत होते. लंडनजवळच्या एनफील्डच्या कारखान्याने १८५० नंतरच्या दशकात हीच अमेरिकन यंत्रे आणून १८५३ च्या नमुन्याची, ३९ इंच लांब नळीची रायफल हजारोंनी काढली. हिचीच काडतुसे १८५७ साली हिंदुस्थानात वणव्याची ठिणगी ठरली. या दोन्ही ठिकाणी नळीचा बाक मात्र खिडकीपाशी बसलेला माणूसच काढी. यंत्राला भोक पाडता येत होते, पण पाडलेले भोक सरळ आहे की नाही याचा निवाडा त्याला करता येत नव्हता.

मात्र या विद्येची एक मर्यादा तिच्या यशातच दडलेली होती. ठोका किंवा दाब देऊन सरळ केलेल्या धातूच्या अंगात ताण साठून राहतो; नळी सरळ दिसते, पण ती बळाने सरळ राहिलेली असते. पाठोपाठच्या गोळ्यांनी नळी तापली की हा ताण काही अंशी मोकळा होतो, नळी आपल्या मूळ बाकाकडे थोडी परतते, आणि निशाणावरच्या खुणा एका दिशेने सरकत जातात. काळ्या दारूच्या आणि सावकाश भरण्याच्या जमान्यात याचे फारसे कोणाला वाटले नसावे, परंतु धूररहित दारू आणि भराभर झाडता येणाऱ्या बोल्टच्या रायफली आल्यावर हा दोष नजरेत भरू लागला. दरम्यान नळी घडवण्याची रीतही बदलली होती. सांधलेल्या लोखंडाऐवजी भरीव पोलादातून भोक पाडले जाऊ लागले, आणि त्यासाठी ड्रिल स्थिर ठेवून नळीच फिरवायची, तसेच ड्रिलमधल्या वाटेने दाबाखाली तेल सोडून किस बाहेर काढायचा, ही पद्धत रूढ झाली. नळी फिरती ठेवल्याने ड्रिलचे भरकटणे कमी होते, संपत नाही. म्हणूनच आज उत्तम नळ्या बनवणाऱ्यांपैकी कित्येक जण नळी सरळ करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ज्या नळीचा बाक मर्यादेबाहेर आहे ती बाजूला टाकायची आणि उरलेल्यांचा बाक आहे तसा राहू द्यायचा, असे त्यांचे धोरण असते. दिशेचा प्रश्न उभा राहतो तो इथे, कारण जो बाक काढायचा नाही त्याला कुठेतरी तोंड द्यावेच लागते.

हा बाक किती आणि त्याचा परिणाम किती, याचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. ६६० मिलिमीटर लांबीच्या नळीचा अक्ष मध्यभागी ०.०५ मिलिमीटरने, म्हणजे साधारण माणसाच्या केसाच्या जाडीइतका, एकसारखा वाकलेला आहे असे धरू. मागच्या टोकाशी अक्षाची जी दिशा आहे तिच्या तुलनेत पुढच्या टोकाशी ती सुमारे दोन मिनिटांनी वळलेली असेल; मिनिट म्हणजे येथे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर याचे सहा सेंटिमीटर होतात. नळी अर्धा फेरा फिरवून बाक उलट बाजूला नेला तर पुंजका सहा सेंटिमीटर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाईल, म्हणजे एकूण बारा सेंटिमीटर सरकेल. पाहणाऱ्याला हा फरक प्रचंड वाटतो, आणि बाकाची दिशा नेमाला कारणीभूत असल्याचा विश्वास बहुधा येथेच रुजतो. परंतु सरकला तो रोख. पसारा होता तेवढाच राहिला. बाकातून जाताना गोळी भिंतीवर दाब देते हेही खरे आहे: वरच्या उदाहरणातली वक्रता सुमारे अकराशे मीटर त्रिज्येची आहे, आणि दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने तिच्यातून जाताना भिंतीवर पडणारा भार सुमारे सहाशे ग्रॅम वजनाइतका भरतो. हा भार प्रत्येक गोळीला जवळजवळ सारखाच असतो, आणि जे प्रत्येक वेळी सारखे घडते त्याने पुंजका पसरत नाही. १८६० साली विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने जोसेफ व्हिटवर्थच्या रायफलीची रेशमी दोरी ओढून ४०० यार्डांवरच्या निशाणाच्या मध्यापासून सव्वा इंचावर गोळी मारली, त्या प्रसंगी रायफल लोखंडी घोडीवर आधीच रोखून आवळलेली होती. त्या नळीत बाक असलाच असता तरी तो जुळवणीतच हिशेबात धरला गेला असता.

बाकाच्या दिशेच्या बाजूने बोलण्यासारखे खरे कारण सापडते ते नळीच्या थरथरण्यात. दारू पेटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंतच्या सेकंदाच्या एक-दोन हजारांशांत नळी स्थिर नसते. गळाची काठी झटकल्यासारखे तिचे टोक हलते. १८९९ च्या सुमारास जर्मनीत कार्ल क्रान्झ आणि कोख यांनी या कंपनांची छायाचित्रे घेऊन त्यांचा अभ्यास मांडला आणि १९०१ मध्ये आर्नुल्फ मॅलक यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे याच विषयावर निबंध ठेवला. यातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट समजली. गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे टोक वर चढत असेल, तर मंद गोळी थोडी उशिरा, म्हणजे टोक आणखी वर गेल्यावर सुटते. मंद गोळी वाटेत अधिक खाली पडते; तिला जास्तीचा चढ मिळाल्याने लांबच्या निशाणावर ती वेगवान गोळीच्या जवळ येऊन लागते. ली-एनफील्ड रायफल याचे नेहमीचे उदाहरण. तिच्या बोल्टची अडणी मागच्या बाजूला असल्यामुळे स्फोटाच्या वेळी सांगाडा एका अंगाने अधिक ताणला जातो आणि नळी उभ्या पातळीत हलते; इंग्लंडमधल्या बिस्लीच्या नेमबाजी स्पर्धांमध्ये ही रायफल नऊशे-हजार यार्डांवर तिच्या जवळच्या पल्ल्यावरच्या कामगिरीच्या मानाने सरस ठरे. हजार यार्डांवर काडतुसाच्या वेगातला सेकंदाला दहा मीटरचा फरक गोळी सुमारे फूटभर खाली-वर करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या भरपाईची किंमत कळते.

हीच रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात अनेक दशके बनली, तिची .३०३ काडतुसे १८६९ साली स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही निघत, आणि महाराष्ट्राच्या पोलिसांच्या खांद्यावर ती एकविसाव्या शतकातही होती. परंतु नळीच्या बाकाची दिशा या रायफलीत कोणी पाहिली असती तरी तिचा पत्ता लागणे कठीण होते, कारण नळीभोवती टोकापर्यंत लाकूड होते आणि पुढच्या बाजूला स्प्रिंगच्या खिळीने नळी मुद्दाम वर दाबून धरलेली असे. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्याच्या दाबापुढे केसाएवढ्या बाकाचा प्रभाव वेगळा काढता येत नाही. नळी दस्त्यापासून पूर्ण मोकळी ठेवण्याची पद्धत रुळल्यावरच बाक हे स्वतंत्र प्रकरण म्हणून समोर आले.

तर्काने यातून एवढे निघते की बाक आडव्या पातळीत ठेवण्यापेक्षा उभ्या पातळीत ठेवणे बरे. नळीतला बाक तिच्या कंपनाला थोडी दिशा देत असेल, तर ते कंपन वर-खाली झालेले चालते, कारण तिथे गुरुत्वाकर्षणाच्या खेचीशी त्याचा मेळ घालता येतो. ते डावी-उजवीकडे झाले तर वेगातला प्रत्येक फरक निव्वळ आडवा पसारा होऊन उरतो आणि त्याची भरपाई करणारे काही नसते. तर्क निर्दोष आहे. प्रश्न फक्त परिमाणाचा आहे, कारण रायफलीच्या धक्क्याची रेषा खांद्याच्या टेकूपेक्षा उंच असल्यामुळे नळीला उभा हिसका बसतोच, आणि त्याच्यापुढे बाकाचा वाटा लहान असतो.

या सगळ्या गुंत्यातून नळी सोडवून तिला एकटीला बोलते करण्याचे काम फ्रँकलिन मॅन या अमेरिकन डॉक्टराने केले. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड गावी त्याने स्वतःच्या जागेत बंदिस्त प्रयोगमार्ग उभारला, जमिनीत काँक्रीटचा अवजड चौथरा बसवला आणि त्याला जिब्राल्टरचे नाव दिले. त्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पोलादी खाच होती. मॅनने नळीवरून दस्ता काढून टाकला, तिच्यावर पोकळीशी समकेंद्री गोल कडी चढवली आणि मागचा सांगाडाही गोल, समकेंद्री करून घेतला, जेणेकरून नळी त्या खाचेत कोणत्याही बाजूवर निजवली तरी सारखीच बसावी आणि धक्क्याने सरळ मागे सरकावी. दस्ता नाही, खांदा नाही, लाकूड नाही. बाक वर करून झाडा नाहीतर खाली करून झाडा, बाकी काही बदलत नाही. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात अशा प्रयोगांची अनेक वर्षांची टिपणे आहेत, आणि काडतुसांची अचूकता तपासण्यासाठी कारखान्यांत वापरली जाणारी जाड, दस्ताविरहित नळी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मॅनला सापडलेला मुख्य आरोपी नळी नव्हती. हॅरी पोप या विख्यात कारागिराच्या नळ्या वापरूनही पुंजके पसरत, तेव्हा त्याने गोळ्याच मुद्दाम बिघडवून पाहिल्या: बुडाशी एका बाजूला भोक पाडायचे, ती बाजू नळीत कुठे ठेवली हे लिहून ठेवायचे, आणि खूण कुठे उमटते ते पाहायचे. खुणा त्या त्या बाजूनुसार ठराविक दिशेला पडत. याचे कारण सरळ आहे. गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षावर नसेल, तर नळीत तो मळसूत्राच्या वाटेने फिरतो आणि टोकाशी पोचल्यावर त्या फिरण्याची स्पर्शरेषा धरून बाजूला निसटतो. दहा इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीत गुरुत्वमध्य केवळ ०.०१ मिलिमीटर सरकलेला असेल, तर शंभर मीटरवर गोळी सुमारे अडीच सेंटिमीटर भरकटते. नळीतला बाक याच्या पाचपट असूनही निरुपद्रवी राहतो, कारण तो प्रत्येक गोळीला तोच असतो. गोळीतला दोष मात्र एकीत इथे आणि दुसरीत तिथे असतो, आणि पसारा होतो तो त्यामुळे.

असे असूनही विसाव्या शतकाच्या अखेरीस दिशेचा प्रश्न नव्या जोमाने पुढे आला, तो .२२ च्या छोट्या काडतुसांवर टेबलावरून नेमबाजी करणाऱ्या अमेरिकन मंडळींमध्ये. या रायफलींपैकी काहींची नळी रिसीव्हरमध्ये आट्यांनी न बसवता शिकंज्यासारखी आवळून बसवलेली असते, त्यामुळे ती सैल करून हवी तितकी फिरवता येते. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा ठिकाणी नळी फिरवायची, प्रत्येक ठिकाणी पाच गोळ्यांचा पुंजका झाडायचा आणि सर्वांत लहान पुंजका येईल तिथे नळी कायमची आवळायची, असा हा उपक्रम. तो करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, आणि पुंजक्याची जागा नळीबरोबर वर्तुळात फिरते हे त्यांचे निरीक्षण बाकाच्या गणिताशी तंतोतंत जुळते. पुंजका लहान होतो हा दावा मात्र पाच गोळ्यांच्या भरवशावर उभा राहू शकत नाही. नळी जागची न हलवता बारा वेळा पाच-पाच गोळ्या झाडल्या आणि त्यांची सरासरी १२ मिलिमीटर आली, तर त्या बारांतला सर्वांत लहान पुंजका सात-आठ मिलिमीटरचा आणि सर्वांत मोठा सतरा-अठराचा भरणे हे केवळ योगायोगाने अपेक्षितच असते. बारांतला सर्वोत्तम निवडला की निवडणाऱ्याला नेहमीच काहीतरी सापडते. हा दावा तपासायचा तर प्रत्येक दिशेला शेकडो गोळ्या झाडाव्या लागतील, त्याही क्रम उलटसुलट करून, म्हणजे वारा, तापमान आणि नळीत साचणारा मळ यांचा परिणाम एकाच दिशेच्या वाट्याला जाणार नाही.

रणगाड्यांच्या तोफांमध्ये हा विचार वेगळ्याच वळणाने गेला. पाच-सहा मीटर लांबीची नळी स्वतःच्या भाराने खाली झुकते, एका बाजूने ऊन किंवा पाऊस लागला तर आणखी वाकते, आणि हा बाक दर तासाला बदलत राहतो. तो काढता येत नाही, एका दिशेला कायमचा बसवूनही भागत नाही. म्हणून नळीवर उष्णता सारखी पसरवणारे आवरण चढवले जाते आणि टोकाशी छोटा आरसा किंवा प्रकाशचिन्ह बसवून नळी किती वाकली ते तोफचालक वेळोवेळी मोजून घेतो. म्हणजे बाक मोजून रोखाच्या हिशेबात धरायचा.

लांब पल्ल्याच्या रायफली बनवणारे कारागीर आज नळीत मापक काटा घालून पुढच्या टोकाचा कल शोधतात आणि आटे अशा बेताने कातात की तो कल बारा वाजता, म्हणजे सरळ वर राहील. याचा लाभ उघड आणि माफक आहे: दुर्बिणीचा आडवा स्क्रू जवळजवळ मध्यावर राहतो आणि हजार मीटरसाठी लागणाऱ्या चढातली दोन मिनिटे फुकट मिळतात. मात्र त्याच रायफलीवर दुर्बिणीखाली वीस मिनिटांच्या उताराची पट्टी बसवण्याचा प्रघात असल्यामुळे या दोन मिनिटांची मातब्बरी फारशी राहत नाही. पन्नास मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात, ज्यात कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिस स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि तिथे नेमबाजांचा भर नळी फिरवण्यावर नसून काडतुसे निवडण्यावर असतो. ते आपली रायफल काडतुसांच्या कारखान्याच्या चाचणीमार्गावर घेऊन जातात, ती शिकंज्यात आवळतात, एकाच दिवशी निरनिराळ्या घाण्यांतली काडतुसे दहा-दहांनी झाडतात, आणि जो घाणा त्या नळीला मानवतो त्याचे खोके भरून नेतात.